हयगय आणि दक्षतेचे कर्तव्य

हयगय, म्हणजेच निष्काळजीपणा, हे अपकृत्य कायद्यात (करार नसतानाही दुसऱ्याचे नुकसान केल्यास भरपाई द्यायला लावणाऱ्या दिवाणी कायद्यात) नुकसानभरपाई मागण्याचे एक मुख्य कारण आहे. समोरच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही आणि त्यामुळेच आपले नुकसान झाले, हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायचे असते. दोघांत करार किंवा ओळख असावी लागत नाही.

भारतात हा कायदा मुख्यतः न्यायनिवाड्यांतून घडला आहे. त्याचा पाया मानल्या जाणाऱ्या ‘डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ (१९३२) या ब्रिटिश खटल्यात जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने, त्यामुळे पिणारीचा उत्पादकाशी करार नव्हता. न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी ठरवले, की आपल्या वागण्याची झळ ज्याला थेट बसेल हे आधी उमजू शकते, तो कायद्याने आपला शेजारी.

विदर्भातल्या खेड्यांत या कर्तव्याचा खरा कस लागतो तो कुंपणाच्या तारेवर. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत उभे पीक लोळवतात, म्हणून काही जण तारेत सरळ लाइनचा करंट सोडतात. जनावरे हाकलण्यासाठीच असलेल्या झटका मशीनचा ठोका क्षणभराचा असतो, जनावर दचकून पळते. २३० व्होल्टचा सलग प्रवाह जीव घेतो. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीची, म्हणून ओलिताला (पिकाला पाणी द्यायला) निघालेला गडी ओल्या धुऱ्यावरून (बांधावरून) चालत येतो आणि अंधारात तार दिसत नाही. जागली करून थकलेल्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे, तरी या धोक्याला माफी नाही.

‘तो माझ्या वावरात आलाच कशाला?’ हा बचावही टिकत नाही. ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्यात आरोपीने परक्यांना रोखायला आपल्या संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी जिवंत तार लावली होती. तिला लागून शेजारीण दगावली. खटला फौजदारी होता. आगंतुक आला म्हणून त्याच्यासाठी असा सापळा लावता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली.

मजुराला कीटकनाशक फवारायला लावणाऱ्यावरही कर्तव्य असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हातमोजे आणि मास्क यांचा प्रश्न ऐरणीवर आला.

वीज कंपनीची जबाबदारी याहून कडक. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार मेला, त्या मध्य प्रदेशातल्या प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने हयगयीचा पुरावा मागितलाच नाही. तार आकडा टाकणाऱ्याची होती, हे सांगूनही तिथल्या वीज मंडळाची सुटका झाली नाही.