क्लिअरिंग हाउस (मुंबई)

क्लिअरिंग हाउस : इंग्रजी कवितेची मुंबईतील एक छोटी, स्वतंत्र प्रकाशनसंस्था. आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी ती १९७६ साली सहकारी तत्त्वावर सुरू केली. १९८४ पर्यंत संस्थेने आठ कवितासंग्रह काढले. पुस्तके इंग्रजी असली तरी मराठी वाचकाने या संस्थेकडे परकी म्हणून पाहू नये. तिचा एक संस्थापक, कोलटकर, मराठी कवितेतला पहिल्या फळीचा कवी होता, तिने पुढे ज्यांचा संग्रह काढला ते दिलीप चित्रेही तसेच, आणि तिचे सर्वांत गाजलेले पुस्तक खंडोबाच्या जेजुरीवर आहे.

संस्था निघाली तेव्हा इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवीला प्रकाशक मिळणे अवघड होते. कोलकात्यात पी. लाल यांची रायटर्स वर्कशॉप १९५८ पासून काम करत होती. हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली तिची पुस्तके लगेच ओळखू येत आणि अनेकांचे पहिले संग्रह तिनेच काढले. जस्सावाला यांचा ‘लँड्स एंड’ (१९६२) हा त्यांपैकी एक. गीव्ह पटेल यांचा ‘पोएम्स’ (१९६६) हा संग्रह ज्येष्ठ कवी निस्सीम इझिकेल यांनी स्वतःच्या हिमतीवर प्रकाशित केला होता. १९७६ मध्येच ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने भारतीय इंग्रजी कवींची मालिका सुरू केली. इझिकेल, केकी दारूवाला, शिव के. कुमार यांचे संग्रह तीत आले. मोठ्या प्रकाशकाचे दार किलकिले होत असतानाच या चौघांनी आपला वेगळा उंबरा बांधला. हस्तलिखित कोणते घ्यायचे, पान कसे दिसायचे, मुखपृष्ठावर काय असायचे, पुस्तक कोणाच्या हाती पोहोचायचे, हे सगळे कवींच्याच हातात राहावे असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाची मुळे इंग्रजीपेक्षा मराठी लघुनियतकालिकांत, म्हणजे लेखकांनीच काढलेल्या छोट्या नियतकालिकांत, अधिक खोल गेलेली दिसतात. चित्रे, कोलटकर आणि रमेश समर्थ यांची नावे पन्नाशीच्या दशकातल्या ‘शब्द’ या लघुनियतकालिकाशी जोडलेली आहेत. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’ निघाले, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ निघाले, पाठोपाठ इतरांची अनियतकालिके आली. प्रस्थापित मासिकांविषयीचा संताप इतका वाढला की १९६९ मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. याच काळात तिकडे अलाहाबादेत विद्यार्थिदशेतले मेहरोत्रा मित्रांबरोबर ‘डॅम यू’ (१९६५) हे चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेले) नियतकालिक काढत होते. एझ्रा-फकीर प्रेस हा त्यांचा छोटा प्रकाशन-उद्योगही त्याच उत्साहातून उभा राहिला. म्हणजे चौघांपैकी दोघांनी आपले लेखन आपणच छापून पाहिले होते, शाईने हात काळे करून घेतले होते. प्रकाशकाची वाट पाहत बसण्याची त्यांना सवयच नव्हती.

चौघांचे पोटापाण्याचे उद्योग वेगवेगळे होते. कोलटकर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले दृश्यकलाकार. पटेल डॉक्टर, मुंबई सेंट्रल भागात त्यांचा दवाखाना होता, शिवाय ते चित्रकार आणि नाटककारही होते. मेहरोत्रा अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवत. जस्सावाला १९७० मध्ये इंग्लंडहून मुंबईला परतले, काही वर्षे सेंट झेविअर्स महाविद्यालयात शिकवले आणि पेंग्विनसाठी ‘न्यू रायटिंग इन इंडिया’ (१९७४) हे संकलन संपादित केले. त्या संकलनात भारतीय भाषांतले अनुवादित लेखन आणि मुळातले इंग्रजी लेखन शेजारी शेजारी होते. क्लिअरिंग हाउसची दिशा समजून घ्यायची तर हे संकलन आधी पाहावे.

संस्थेची पुस्तके प्रकाशनपूर्व नोंदणीवर बरीच अवलंबून असत. माहितीपत्रक आणि मागणीपत्र टपालाने पाठवायचे, आगाऊ पैसे भरणाऱ्याला सवलत द्यायची आणि त्या पैशांतून छपाईचा काही भार उचलायचा, ही पद्धत मराठी ग्रंथव्यवहाराला नवी नाही. कवितेच्या बाबतीत तिचा एक वेगळा फायदा होतो : पुस्तक छापण्यापूर्वीच कवीला आपला वाचक नावपत्त्यानिशी कळतो. वितरक आणि दुकानदार यांच्यावाचून अडत नाही. पत्रव्यवहाराचा मोठा वाटा जस्सावाला यांनी उचलला. मुखपृष्ठे कोलटकरांनी केली. एकाच हातून उतरल्यामुळे ही पुस्तके एकमेकांची भावंडे वाटतात, आणि मुखपृष्ठ हा कवितेच्या वाचनाचाच भाग आहे ही कोलटकरांची धारणा त्यांत स्पष्ट दिसते.

पहिली चार पुस्तके १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या काळात, एकत्र आली. चारही संस्थापकांची होती : जस्सावाला यांचे ‘मिसिंग पर्सन’, कोलटकरांचे ‘जेजुरी’, मेहरोत्रांचे ‘नाइन एन्क्लोजर्स’ आणि पटेल यांचे ‘हाउ डू यू विथस्टँड, बॉडी’. आपलीच पुस्तके आपणच काढली यावर आक्षेप घेता येईल. पण ही चार पुस्तके पुढे टिकून राहिली आणि त्या निवडीसाठी आणखी वेगळे समर्थन लागत नाही.

‘मिसिंग पर्सन’मध्ये परदेशातून परतलेल्या, इंग्रजीत घडलेल्या मध्यमवर्गीय माणसाचे तुकडे तुकडे झालेले मन आहे. हा माणूस कुठल्याच चौकटीत पुरा मावत नाही. सिद्धांतकार होमी भाभा यांनी वसाहतोत्तर अस्मितेच्या आपल्या विवेचनात या कवितेचा आधार घेतला, त्यामुळे समीक्षकांच्या जगात ती दूरवर पोहोचली. पटेल यांची कविता शरीराशी थेट भिडते. सार्वजनिक रुग्णालय, शवविच्छेदन, मारहाण, सोसणे यांविषयी ते डॉक्टरच्या नेमकेपणाने लिहितात आणि तरीही कोरडे होत नाहीत. हिंदूही नाही आणि मुसलमानही नाही अशा पारशाचे या देशातले संदिग्ध स्थान हाही त्यांचा विषय आहे. मेहरोत्रांच्या पहिल्या संग्रहावर अतिवास्तववादाची छाप आहे. त्यांनीच पुढे हालाच्या ‘गाथासप्तशती’तील महाराष्ट्री प्राकृत गाथांचा इंग्रजी अनुवाद (१९९१) केला, सातवाहनांच्या भूमीतले हे काव्य जगाला वाचायला देणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

‘जेजुरी’ ही ३१ कवितांची मालिका आधी ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’ या नियतकालिकात १९७४ मध्ये आली होती. क्लिअरिंग हाउसच्या आवृत्तीनंतर तिला १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. मालिका सुरू होते ताडपत्री खाली सोडलेल्या एस. टी.च्या गाडीत आणि संपते रेल्वे स्टेशनवर. मध्ये पुजारी आहे, दगडाचे देव आहेत, पन्नास पैशांसाठी मागे लागणारी म्हातारी आहे, देवळाच्या पडक्या भिंती आहेत, फुलपाखरू आहे, आणि हातपाय नसलेला, दुय्यम दर्जाचा पण अडल्यानडल्याला मदत करणारा यशवंतराव आहे. नेमाडे यांनी देशीवादी, म्हणजे साहित्याने आपल्याच मातीत मुळे धरावीत या, भूमिकेतून या कवितेवर कडक टीका केली. बाहेरून आलेल्या सहल्याची नजर तिच्यात आहे असा त्यांचा रोख होता. ही टीका मनावर घेण्यासारखी आहे, कारण भंडारा उधळणाऱ्या भाविकाचे मन या मालिकेत खरोखरच थोडेसेच सापडते. मात्र म्हातारीच्या डोळ्यांत पाहताना त्या पाहणाऱ्याचा आब गळून पडतो आणि तो स्वतःच तिच्या हातातली चिल्लर होऊन राहतो. ही कविता केवळ सहल्याची असती तर ते घडले नसते. पाहणाऱ्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या लक्ष देण्याला इथे महत्त्व आहे, आणि असे लक्ष हीही एक प्रकारची भक्ती आहे, असे या नोंदलेखकाला वाटते.

नंतरची चार पुस्तके १९८० ते १९८४ या काळात आली. कटकला भौतिकशास्त्र शिकवणारे जयंत महापात्र चाळिशीच्या उंबरठ्यावर कवितेकडे वळले. त्यांचा ‘द फॉल्स स्टार्ट’ १९८० मध्ये निघाला. त्याच वर्षी चित्रे यांचा ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ आला. अमेरिकेतील आयोवा येथे काढलेल्या वर्षांचा ठसा त्यावर आहे, आणि रात्री उशिरा लोकलने घरी परतणाऱ्या, मुलांपासून तुटलेल्या वडिलांवरची त्यांची कविताही त्यात आहे. लोकलच्या डब्यातला तो पिवळा उजेड पाठ्यपुस्तकांमुळे आता अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. मेहरोत्रांचा ‘डिस्टन्स इन स्टॅट्यूट माइल्स’ (१९८२) घर, आठवण आणि गावांची नावे यांकडे वळलेला दिसतो. एच. ओ. नाझरेथ यांचा ‘लोबो’ (१९८४) हे आठवे पुस्तक.

या आठ पुस्तकांचे सात कवी, आणि सातही पुरुष. ही उणीव ठळक आहे. तिला काहीसे उत्तर त्याच शहरातून, आणखी तरुण कवींकडून आले. मेलनी सिल्गार्डो, सँटन रॉड्रिग्ज आणि राऊल डिगामा रोझ यांनी न्यूग्राउंड ही संस्था काढली. तिघांच्या कवितांचे ‘थ्री पोएट्स’ १९७८ मध्ये आणि युनिस डिसूझा यांचा ‘फिक्स’ १९७९ मध्ये प्रकाशित झाला. पुण्यात जन्मलेल्या डिसूझा यांनी गोवेकर कॅथलिक समाजाचे ढोंग इतक्या थोड्या शब्दांत उघडे केले की ते पुस्तक आजही वाचताना चटका बसतो. क्लिअरिंग हाउसच्या उदाहरणावाचून न्यूग्राउंड निघालीच नसती असे म्हणता येणार नाही, पण कवींनी एकत्र येऊन पुस्तक काढणे शक्य आहे हे तोवर मुंबईत सिद्ध झाले होते.

या वर्तुळाचे मराठी अंग म्हणजे अशोक शहाणे यांचे प्रास प्रकाशन. तेही याच सुमाराचे. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) हा कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह प्रासने काढला. ‘जेजुरी’ इंग्रजीत आल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. एकच कवी, दोन भाषा, दोन छोट्या संस्था आणि दोन्हीकडे मित्रच प्रकाशक, अशी ही मांडणी होती. शहाणे मुद्रितशोधनाच्या आणि अक्षरजुळणीच्या बाबतीत अतिशय काटेकोर आणि कोलटकर पानाच्या मांडणीबाबत तितकेच. त्यामुळे प्रासचे पुस्तक हातात घेतले की ते घाईने छापलेले नाही हे लगेच जाणवते. ‘जेजुरी’च्या पुढच्या आवृत्त्याही प्रासकडे आल्या. मोठ्या प्रकाशकाकडे जाणे शक्य असूनही कोलटकर हयातभर या छोट्या संस्थांबरोबर राहिले.

मधल्या सुमारे पाव शतकात कोलटकरांचे पुस्तक जवळपास आलेच नाही. मग २००३-०४ च्या सुमारास ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ ही मराठी आणि ‘काळा घोडा पोएम्स’, ‘सर्प सत्र’ ही इंग्रजी पुस्तके प्रासने एकामागोमाग काढली. कोलटकर तेव्हा आजारी होते. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. हायपेशिया, कण्णगी, नादेझ्दा, व्हिएतनाम युद्धातली किम अशा जगभरच्या आणि सर्व काळांतल्या दुःखी स्त्रिया या ग्रंथात एकत्र येतात. मराठी कवितेने एवढा मोठा आवाका क्वचितच घेतला असेल.

या सगळ्यांचे कार्यक्रम म्हणजे हारतुऱ्यांचे प्रकाशनसमारंभ नव्हेत. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पेन या लेखकांच्या संस्थेचे कार्यालय होते. तिथे इझिकेल बसत आणि नवे कवी हस्तलिखिते घेऊन जात. काळा घोडा भागातल्या वेसाइड इनमध्ये कोलटकर आणि मित्रमंडळी गुरुवारी दुपारी जमत. चहाच्या टेबलावर कविता, चित्रे, जाहिराती, तुकाराम, ब्लूज संगीत असे काहीही निघे. खिडकीतून दिसणारे चौकातले झाडूवाले, भिकारी, कावळे आणि कुत्री पुढे ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. ज्या घोड्यावरून चौकाला नाव पडले तो एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवला गेला होता. १९८६ मध्ये पोएट्री सर्कल हे कवींचे मंडळ सुरू झाल्यावर त्याहून तरुण कवींना एकमेकांच्या कविता वाचून टीका करण्याची नियमित जागा मिळाली.

‘जेजुरी’ वगळता क्लिअरिंग हाउसची पुस्तके दीर्घकाळ दुर्मिळ होती. जस्सावाला यांचा पुढचा संग्रह ‘ट्राइंग टु से गुडबाय’ तब्बल ३५ वर्षांनी, २०११ मध्ये, ऑलमोस्ट आयलंड या तशाच छोट्या संस्थेने काढला आणि त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हेमंत दिवटे यांनी मराठीत ‘अभिधानंतर’ हे नियतकालिक चालवता चालवता सुरू केलेल्या पोएट्रीवाला या प्रकाशनसंस्थेने चित्रे यांच्या निवडक इंग्रजी कवितांचे आणि पटेल यांच्या समग्र कवितांचे ग्रंथ काढले. कोलटकरांच्या समग्र इंग्रजी कविता मेहरोत्रांच्या संपादनाखाली २०१० मध्ये ब्रिटनच्या ब्लडॅक्स बुक्सने छापल्या. जस्सावाला यांनी जपून ठेवलेली कागदपत्रे आता अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मुंबई कवींच्या संग्रहात आहेत, आणि मराठी ‘जेजुरी’ कोलटकरांच्या निधनानंतर प्रासकडूनच प्रकाशित झाली.