कीर्तिपूरला वेस्ट इंडीज ए आली, त्याच्या मागची गोष्ट
म्हापशात मी जिथं भाजीपाव खातो तिथला नेपाळी पोरगा एप्रिल 2024 मध्ये एक दिवस ऑर्डरच घेईना, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला, एक हात झाऱ्यावर आणि नजर स्क्रीनवर. मला वाटलं आयपीएल असणार, वाकून बघतो तर काठमांडूजवळचं कीर्तिपूर, नेपाळ विरुद्ध वेस्ट इंडीज ए, म्हणजे त्यांची दुसऱ्या फळीची टीम. पाहुण्यांनी 204 ठोकलेले आणि कॅप्टन रोहित पौडेलने 54 बॉलमध्ये 112 मारले, दोन बॉल राखून नेपाळ जिंकलं. माझी मिरचीभजी जळाली, ते जाऊ दे.

त्या दौऱ्याचं बाहेरच्या लोकांना काय आठवतं, तर काठमांडू एअरपोर्टवर प्लेयरांच्या बॅगा छोट्या टेम्पोत कोंबतायत तो व्हिडिओ. हसले सगळे. पण पाच टी20 खेळायला ती टीम आली होती, रोस्टन चेज कॅप्टन, आंद्रे फ्लेचर, जॉन्सन चार्ल्स असली ओळखीची नावं, आणि जूनमध्ये वेस्ट इंडीज-अमेरिकेत टी20 वर्ल्ड कप म्हणून नेपाळलाही तयारी हवी होती. सिरीज 3-2 ने पाहुण्यांनीच नेली. ए टीम असल्यामुळे पौडेलची सेंचुरी इंटरनॅशनल रेकॉर्डात धरत नाहीत, मला विचाराल तर हे जरा जिवाला लागतं.

आता जरा मागं जाऊया. नेपाळ 1996 मध्ये आयसीसीचा असोसिएट मेंबर (पूर्ण सदस्याच्या खालची पायरी) झाला, पण नाव झालं ते 2014 च्या टी20 वर्ल्ड कपात, पारस खडकाच्या टीमनं हाँगकाँग आणि अफगाणिस्तानला हरवलं आणि नेट रन रेटवर घरी आले. मग 2016 ला सरकारी ढवळाढवळीमुळे आयसीसीने बोर्डच सस्पेंड केलं, ते थेट ऑक्टोबर 2019 पर्यंत. गंमत म्हणजे टीम मोठी झाली ती ह्याच काळात. फेब्रुवारी 2018, नामिबियात कॅनडाविरुद्ध शेवटची जोडी, 51 रन हवे, करण केसीने 42 नाबाद करून काढून दिले, आणि पुढच्याच महिन्यात वनडे स्टेटस, म्हणजे टीमच्या वनडे अधिकृत इंटरनॅशनल धरल्या जाणार! बोर्ड घरी बसलेलं आणि टीम वर चढतेय, असं दुसरीकडे कुठं बघितलंय?

आपल्या गोव्याचं बघा, 1985-86 पासून रणजी खेळतोय, 1989 ला फातोर्ड्याच्या फुटबॉल स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया-श्रीलंका वनडे झाली, हे सगळं बीसीसीआयच्या छपराखाली आयतं मिळालं. नेपाळला मात्र दुसऱ्या टीमने आपल्या घरी यावं म्हणूनसुद्धा आधी पात्र ठरावं लागलं. वनडे वर्ल्ड कपच्या पात्रतेसाठी असलेल्या सात टीमांच्या वर्ल्ड कप लीग 2 मुळे बाहेरच्या टीमा कीर्तिपूरला येऊ लागल्या. युनिव्हर्सिटीचं ग्राउंड ते, बसायला तेव्हा गवताचा उतार, जागा नाही मिळाली तर झाडावर.

आणि 16 मार्च 2023 चा तो दिवस सांगायलाच हवा. वर्ल्ड कप क्वालिफायरला जायचं तर यूएईला हरवायलाच पाहिजे. आसिफ खानने 41 बॉलमध्ये सेंचुरी मारली, यूएई 310. नेपाळ 44 ओव्हरात 6 बाद 269 आणि अंधार पडला, ग्राउंडला तेव्हा फ्लडलाइट नव्हते! मॅच तिथंच थांबली, अर्धवट मॅचचा निकाल ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईसच्या हिशोबाने नेपाळ 9 रननी पुढं. लाइट नाही म्हणून जिंकले म्हणा हवं तर, पण त्याआधीच्या अकरांपैकी दहा मॅची जिंकून इथवर आले होते, कोच माँटी देसाई फेब्रुवारीतच आलेला. त्या गर्दीचे फोटो जगभर गेले. माझ्या मते वर्षभरात वेस्ट इंडीज ए तिथं उतरली त्यात ह्या गर्दीचा वाटा मोठा, कारण रिकाम्या उतारावर कोण येतं?

जून 2024 च्या त्या टी20 वर्ल्ड कपात नेपाळ साऊथ आफ्रिकेशी एका रनने हरलं. त्या दिवशी भाजीपाववाल्याकडे कोणी आवाज केला नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये मात्र खुद्द वेस्ट इंडीजच्या टीमला 2-1 ने हरवलं, दुसऱ्या मॅचमध्ये 83 वर गुंडाळून. कागदावर यजमान नेपाळ, मॅची शारजात. पोऱ्याचा दादा दुबईत कामाला, तो बघायला गेलेला, त्याने स्टँडमधून पाठवलेला व्हिडिओ पोऱ्याने मला दाखवला, झेंडेच झेंडे, ग्राउंड दिसतच नव्हतं.