सर्वांत समृद्ध जागा की सर्वांत चांगला संच?

नदीखोऱ्यात निसर्ग राखण्यासाठी जागा निवडायच्या म्हटलं की पहिली रीत आपोआप सुचते. कुठे किती प्रजाती आहेत ते मोजायचं, उतरत्या क्रमाने यादी लावायची आणि पैसे पुरतील तिथवर वरून जागा घेत यायच्या. ही झाली समृद्धीची रीत. दुसरी रीत पूरकतेची. दोन्हींतून शेवटी नकाशाच निघतो आणि त्यावर काही तुकडे गडद रंगवलेले असतात, त्यामुळे तो कुठल्या रीतीने काढलाय हे नुसतं पाहून कळत नाही.

समजा, क, ख आणि ग या तीन उपनद्या आहेत. क मध्ये माशांच्या 10 प्रजाती, ख मध्ये 9, ग मध्ये फक्त 4. पैसा दोनच उपनद्यांपुरता आहे. समृद्धीची यादी क आणि ख निवडेल. पण या दोघींत 8 प्रजाती सामाईक असतील, तर हाती लागतात एकूण 11. ग मधल्या चारही प्रजाती इतर दोन नद्यांत कुठेच नसतील, तर क आणि ग मिळून 14 होतात. पूरकतेची रीत नेमकं हेच बघते: आधी जे निवडलंय त्यात ही जागा नवीन काय घालते? त्यामुळे तिथे कुठल्याच जागेला कायमचे गुण मिळत नाहीत. एक जागा निवडली की बाकी सगळ्यांचा हिशेब बदलतो. ठरावीक क्रमवारीची सवय असलेल्यांना ही गोष्ट पचायला जड जाते, आणि माझ्या मते समृद्धीची रीत अजून टिकून आहे ती मुख्यतः या अडचणीमुळे.

पूरकतेची कल्पना 1983 मध्ये जेमी किर्कपॅट्रिक या संशोधकाने ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या वनस्पतींसाठी वापरून दाखवली. पाच वर्षांनी ऑस्ट्रेलियातच मॅक्ले नदीच्या पूरमैदानातल्या 432 पाणथळ जागांवर तिचा हिशेब झाला. तिथल्या सगळ्या 98 वनस्पती प्रजाती निदान एकदा तरी यायच्या, तर संख्येने 4.6 टक्के पाणथळी पुरत होत्या. क्षेत्रफळात मात्र त्या 44.9 टक्के भरल्या. 'थोडक्यात भागतं' असं पूरकतेचं कौतुक करणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही लक्षात ठेवावा.

नद्यांच्या बाबतीत समृद्धीची रीत जास्तच फसते, कारण तिचा कल एकाच बाजूला असतो. उगमाजवळच्या ओढ्यांत साधारणपणे मोजक्या प्रजाती असतात आणि प्रवाह खाली जाईल, रुंद होईल तशी माशांची विविधता वाढत जाते. म्हणजे यादीच्या माथ्यावर खालचे मोठे पट्टे येणार आणि वरचे ओढे तळाला जाणार, मग त्या ओढ्यांतले जीव जगात दुसरीकडे कुठे नसले तरी. त्यात नोंदी जास्त होतात पुलांजवळ, रस्त्यांच्या कडेला. तिथली 'समृद्धी' कधीकधी नुसती जास्त वेळा टाकलेल्या जाळ्यांची असते. (हा दोष पूरकतेलाही चुकत नाही. नोंदच नसलेली प्रजाती तिलाही दिसत नाही.)

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. नेवाडातल्या डेव्हिल्स होल या पाण्याने भरलेल्या खडकातल्या विवरात माशाची एक इवलीशी प्रजाती राहते आणि निसर्गात ती फक्त तिथेच सापडते. समृद्धीच्या यादीत या विवराला माशांसाठी एकच गुण मिळेल. पूरकतेच्या हिशेबात ते वगळताच येत नाही, कारण त्याला पर्याय नाही.

पण डेव्हिल्स होल पूरकतेचीही मर्यादा दाखवून देतं. 1952 मध्ये ही जागा संरक्षित क्षेत्रात आली, तरी पुढे सुमारे चार किलोमीटरवरच्या शेतातल्या उपशाने तिथलं पाणी खाली जाऊ लागलं आणि मासे जिथे अंडी घालतात तो उथळ कट्टा उघडा पडायला लागला. अखेर 1976 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या उपशावरची मर्यादा कायम केली. जागा अचूक निवडली होती, धोका कुंपणाबाहेरून आला.

म्हणून खोऱ्याचं नियोजन करणारे आता पूरकतेच्या हिशेबात पाण्याची वाटही घालतात. मार्क्सन हे जागा निवडायचं संगणकीय साधन आहे. त्यात खोऱ्याचे चौकोनी तुकडे पाडण्याऐवजी छोटी पाणलोट क्षेत्रं घेतात, आणि एखादा पट्टा निवडून त्याच्या वरचा भाग निवडीबाहेर सोडला तर हिशेबात दंडाचे गुण लावतात. अर्थात वरचं सगळं खोरं अभयारण्य करणं कुणालाच परवडणार नाही. 2007 मध्ये एबेल, अ‍ॅलन आणि लेनर या संशोधकांनी यावर तीन स्तर सुचवले: गाभ्याची छोटी जागा, तिला जगवणारे मोक्याचे पट्टे, आणि बाकीच्या पाणलोटात वापर चालू ठेवून सौम्य बंधनं.

वरच्या भागाबरोबर खालची वाटही मोकळी असावी लागते. हिल्सा मासा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. 1975 मध्ये गंगेवर फरक्का बॅरेज सुरू झालं आणि वरच्या पट्ट्यात हिल्साची पकड कोसळली. अशा माशासाठी वरचे पट्टे कितीही काटेकोर निवडले, तरी मधला अडथळा ओलांडायची सोय होईपर्यंत तो नकाशा कागदावरच राहतो.