३० मिलिसेकंदांची दिरंगाई

एप्रिल १९२३मध्ये किंग ऑलिव्हर यांचा क्रिओल जॅझ बँड शिकागोहून इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी गेला आणि तेथील जेनेट कंपनीच्या स्टुडिओत त्याने आपल्या पहिल्या तबकड्या मुद्रित केल्या. स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता, त्यामुळे गाडी आली की मुद्रण थांबवावे लागे. मायक्रोफोन नव्हता. सगळे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने उभे राहत आणि त्यांच्या आवाजाच्या दाबानेच मेणाच्या तबकडीवर खाच कोरली जाई. मोठ्या ड्रमच्या दणक्याने सुई उडण्याचा धोका असल्याने बेबी डॉड्स यांनी लाकडी ठोकळ्यांवर ठेका धरला, एरवी बास वाजवणारे बिल जॉन्सन बँजो घेऊन बसले, आणि एकवीस वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्याचा, आवाज इतका दणकट होता की त्याला इतरांपासून बरेच दूर उभे करावे लागले, अशी आठवण त्या बँडच्या पियानोवादक लिल हार्डिन पुढे सांगत असत.

शंभर वर्षांनंतर ही ध्वनिमुद्रणे ऐकताना आधी ऐकू येते ती खरखर. आवाज चिरका, खालचे स्वर जवळजवळ गायब, वाद्ये एकमेकांत मिसळलेली. तरीही पहिल्या काही सेकंदांत पाय ठेका धरू लागतो, आणि तो ज्यांच्या आजोबांचाही तेव्हा जन्म झाला नव्हता अशा श्रोत्यांचा असतो. या आकर्षणाचे सोपे स्पष्टीकरण म्हणून स्मरणरंजनाकडे बोट दाखवले जाते, पण ते मला अपुरे वाटते.

स्मरणरंजनाचा वाटा नाकारण्याचे मात्र कारण नाही. माणसाच्या मनावर किशोरवयात आणि तरुणपणी ऐकलेल्या गाण्यांचा ठसा सर्वांत खोल उमटतो, हे मानसशास्त्रात पक्के झालेले निरीक्षण आहे. कॉर्नेल विद्यापीठातील कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३मध्ये त्यात एक भर घातली. विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्यांना त्यांनी १९५५ ते २००९ या काळातील लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या तरुणपणातील गाण्यांबरोबरच आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही त्यांचे जवळचे नाते दिसले, आणि त्याही मागे, आजी-आजोबांच्या काळाशी जुळणारा १९६०च्या दशकातील आणखी एक उंचवटा आढळला. घरात वाजणारे संगीत मुलांच्या स्मृतीत असे वारशाने उतरते. पण ही साखळी दोन पिढ्यांच्या पलीकडे कितपत ताणता येईल? विसाव्या वर्षी पहिल्यांदा १९२०च्या दशकातील जॅझ ऐकून त्यात रमणाऱ्याला स्मृतीचा आधार नसतोच. तेव्हा कारण संगीताच्या घडणीत शोधले पाहिजे, आणि त्या घडणीतही सर्वांत आधी लयीत.

लयीची अपेक्षा आपल्यात फार लवकर रुजलेली असते. इश्तवान विंकलर, हेन्क्यान होनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा नियमित ठेका ऐकवला आणि अधूनमधून त्यातील पहिला, प्रमुख आघात गाळला. त्या क्षणी बाळांच्या मेंदूतील विद्युतसंकेतांत काहीतरी चुकल्याची खूण उमटली. मोठ्यांच्या बाबतीत जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७मध्ये दाखवले की स्पष्ट ठेका असलेली लय ऐकताना माणूस अगदी निश्चल पडलेला असला तरी त्याच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग, विशेषतः बेसल गँग्लिया आणि पूरक चालक क्षेत्र, अधिक सक्रिय होतात. म्हणजे ऐकणे हीच अर्धी हालचाल असते, आणि पाय हलवणे ही तिची पुढची पायरी.

पण नुसता नियमित ठेका कंटाळवाणा असतो. घड्याळाच्या टिकटिकीवर कोणी नाचत नाही. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ड्रमच्या पन्नास तुकड्यांवर श्रोत्यांचे मत घेतले. आघात अपेक्षित जागेवरून हलवून मधल्या, दुर्बल जागी टाकण्याचे, म्हणजे सिंकोपेशनचे, प्रमाण प्रत्येक तुकड्यात वेगळे होते. फार कमी सिंकोपेशन असलेले तुकडे आणि फार गुंतागुंतीचे तुकडे, दोन्ही लोकांना कमी आवडले. नाचावेसे वाटले आणि आनंद झाला तो मधल्या प्रमाणाच्या तुकड्यांनी. हे तुकडे फंकच्या ढंगाचे होते, जॅझचे नव्हते, तरी रॅगटाइम या जॅझपूर्व संगीतप्रकाराच्या पियानोवादकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेमके हेच मधले प्रमाण साधले होते असे म्हणता येईल. त्यांचा डावा हात कूच करणाऱ्या पलटणीसारखा सरळ चाले आणि उजवा हात त्या चालीला सतत चकवे देई. डाव्या हाताने अपेक्षा उभी करायची आणि उजव्याने ती मोडायची; दोन्ही एकाच वेळी ऐकू येत असल्याने श्रोता हरवत नाही.

जॅझने यापुढचे पाऊल टाकले ते स्विंगचे. एका मात्रेचे दोन भाग करून वाजवताना सरळ वादनात दोन्ही भाग समान असतात. स्विंगमध्ये पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो. हे प्रमाण ठरलेले दोनास एक असते असे पाठ्यपुस्तके सांगत, पण स्टॉकहोममधील अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेयास सुंडस्ट्रॉम यांनी नामांकित ड्रमवादकांची ध्वनिमुद्रणे मोजली तेव्हा चित्र वेगळे निघाले. संथ लयीत हे प्रमाण साडेतीनास एकपर्यंत जाते आणि लय वाढत जाईल तसे घटत घटत अतिद्रुत लयीत जवळजवळ एकास एक होते. मध्य ते द्रुत लयीत आखूड स्वराचा काळ मात्र सुमारे १०० मिलिसेकंदांवर, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागावर, टिकून राहतो. जणू त्याहून आखूड स्वर हाताला आणि कानाला झेपत नाही. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती: एकल वादक मात्रेच्या सुरुवातीला ड्रमवादकाच्या झांजेच्या किंचित मागे असतो, पण मात्रेच्या मधल्या स्वरावर तो झांजेला बरोबर गाठतो.

या निरीक्षणाचा खरा अर्थ वीस वर्षांनी लागला. मधल्या काळात अनेकांचे मत असे होते की स्विंगची जादू माणसाच्या हातातील बारीक, अनियमित चुकांत आहे. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेतील थिओ गायसेल यांच्या गटाने हे मत आधी तपासून बाजूला सारले, कारण अशा स्वैर चुका संगणकाने पुसून टाकल्या तरी वादन स्विंग होतच राहिले. मग २०२२मध्ये त्यांनी पियानोच्या वादनांत संगणकाने फेरफार केले: फक्त मात्रेच्या सुरुवातीचे स्वर सुमारे ३० मिलिसेकंद मागे सरकवले आणि मधले स्वर तालवाद्यांच्या बरोबर ठेवले. व्यावसायिक आणि निमव्यावसायिक जॅझ वादकांनी हे नमुने ऐकले, तेव्हा अशी दिरंगाई असलेले वादन अधिक स्विंगदार ठरण्याची शक्यता सातपटींहून जास्त आढळली. गंमत अशी की नेमके काय बदलले आहे हे त्या जाणकारांना सांगता येत नव्हते. फरक जाणवत होता, पण त्यावर बोट ठेवता येत नव्हते. त्यानंतर नावाजलेल्या वादकांची साडेचारशेहून अधिक एकल वादने तपासली, तर जवळजवळ सगळ्यांत ही दिरंगाई सापडली. समेवर किंचित रेंगाळून येणाऱ्या गवयाला मैफलीत दाद मिळते, तिचे मर्म मराठी श्रोत्याला वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की येथे ते रेंगाळणे इतके सूक्ष्म आहे की ते करणाऱ्यालाही बहुधा त्याचा पत्ता नसतो.

लयीच्या खालोखाल स्वरांच्या अपेक्षेचा क्रम लागतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील २८व्या रस्त्यावर संगीत प्रकाशकांची दाटी होती आणि तिला टिन पॅन ॲली म्हणत. तेथून निघालेल्या गाण्यांचा पुढे रूढ झालेला साचा बत्तीस बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट): आठ बारची चाल, तिचीच पुनरावृत्ती, मग आठ बारचे वेगळे वळण आणि पुन्हा मूळ चाल. पहिल्या दोन फेऱ्यांत श्रोता चाल शिकतो, तिसऱ्या भागात ती हिरावली जाते आणि चौथ्यात परत मिळते. माँट्रियलमधील व्हॅलरी सालिम्पूर आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवले की आवडत्या संगीतातील उत्कट क्षणाआधी, वाट पाहण्याच्या काळातच, मेंदूच्या एका भागात डोपामाइन हे सुखाशी निगडित रसायन स्रवते आणि तो क्षण आल्यावर दुसऱ्या भागात. लाइपझिगमधील एका गटाने २०१९मध्ये अमेरिकेतील ७४५ लोकप्रिय गाण्यांतील सुमारे ऐंशी हजार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, तपासले. त्यातून निघाले ते असे: पुढे काय येणार याची खात्री असताना मिळालेला धक्का सुखावतो, आणि खात्री नसताना अपेक्षित तेच आले तरीही सुख होते. बत्तीस बारच्या साच्यात या दोन्ही प्रकारच्या सुखांची सोय आहे, आणि हा साचा किती लवचिक आहे याचा दाखला म्हणजे १९३०मध्ये जॉर्ज गर्श्विन यांनी ‘आय गॉट ऱ्हिदम’साठी रचलेला कॉर्डचा क्रम, ज्यावर पुढे अगणित जॅझ रचना उभ्या राहिल्या.

आता पुन्हा त्या खरखरीकडे. कर्ण्याने केलेल्या मुद्रणात ढोबळमानाने २०० ते २५०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने, एवढाच पट्टा पकडला जाई. ट्यूबा या खर्जातील पितळी वाद्याच्या खालच्या स्वराचा पाया ५० ते १०० हर्ट्झचा, म्हणजे तो तबकडीवर उतरतच नसे. तरीही तो स्वर आपल्याला खालचाच ऐकू येतो, याचे कारण कानाची आणि मेंदूची एक जुनीच ओळखीची खोड आहे. ८० हर्ट्झच्या स्वरासोबत १६०, २४०, ३२०, ४०० असे उपस्वर असतात. त्यांतील वरचे काही ऐकू आले की त्यांच्यातील समान अंतरावरून मेंदू गैरहजर पायास्वर स्वतःच भरून काढतो. आउगुस्ट झेबेक यांना १८४१च्या सुमारास सायरनवर प्रयोग करताना ही गोष्ट लक्षात आली होती. त्यामुळे जुनी तबकडी ऐकणारा श्रोता थोडेबहुत वाद्यवृंद स्वतः वाजवत असतो, आणि खरखर एकसारखी व अर्थहीन असल्याने मेंदू ती काही वेळाने मागे ढकलतो. हल्ली नव्या गाण्यांत मुद्दाम कृत्रिम खरखर मिसळतात. तो प्रकार मला हास्यास्पद वाटतो, पण तिचीही सवय लागते हे खरे.

१९२५मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या तंत्राने विद्युत मुद्रण सुरू झाले आणि पट्टा पाच हजार हर्ट्झच्या पुढे गेला. त्याहून मोठा बदल गायनात झाला. कर्ण्यासमोर नाट्यगृहात गातात तसे भरदार गावे लागे. मायक्रोफोनसमोर बिंग क्रॉस्बी यांच्यासारखा गायक कुजबुजल्यागत गाऊ शकला. कुजबुज फक्त जवळच्या माणसाचीच ऐकू येते हा कानाचा अनुभव, त्यामुळे मोठ्या आवाजात वाजणारी कुजबुज ऐकणाऱ्याला गायक शेजारी बसल्याचा भास होतो. पुढे आलेल्या रिबन मायक्रोफोनने, जवळून गायल्यास खालचे स्वर फुगवण्याच्या आपल्या गुणामुळे, हा भास आणखी गडद केला. आजचे बहुतेक पार्श्वगायन याच शोधाची फळे खाते.

तबकडीची लांबीही कामाची ठरली. मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, त्यामुळे पाल्हाळाला जागा नव्हती. आर्मस्ट्राँगने २८ जून १९२८ रोजी मुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवात ज्या एकट्या ट्रम्पेटच्या तानेने होते, ती जेमतेम पाव मिनिटाची आहे. या तबकड्यांच्या लगद्यातील लाख प्रामुख्याने भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांपासून येई. तीन मिनिटांचा हाच दंडक हिंदी चित्रपटगीतांनाही लागू झाला. १९३५मध्ये लिऑन ॲबी यांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पुढे गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक त्या मंचांवरून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले, आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतासाठी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ घेतली. ‘शोला जो भडके’ ऐकताना वर वर्णन केलेली लयीची ओढ मराठी कानालाही ओळखीची का वाटते, याचे एक कारण या प्रवासात आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. १९२०च्या दशकातील बहुतांश तबकड्या नीरस होत्या आणि त्या विसरल्या गेल्या. शंभर वर्षांच्या चाळणीतून जे उरले त्याचीच आपण आजच्या सरसकट गाण्यांशी तुलना करतो, आणि ती न्याय्य नाही. शिवाय ही चाळणी फक्त गुणवत्तेची नव्हती. न्यू ऑर्लीन्समध्ये ज्यांच्या कॉर्नेटने जॅझची वाट दाखवली असे समकालीन वादक सांगत, ते बडी बोल्डन १९०७मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाले, आणि जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७मध्ये. बोल्डन यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.