समोर बसवून की फोटोवरून? नागपुरातल्या व्यक्तिचित्रणाची पार्श्वभूमी

१८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली आणि आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखांकन, मग समोर बसलेले मॉडेल, मग तैलरंग असा क्रम पडला. वास्तववादी चित्रकार आजही बहुतांशी याच वाटेने घडतो. पोट मात्र दुसऱ्याच कामावर भरत आले. कचेऱ्या, कॉलेजे, बँका, वाचनालये यांना हवी असत दिवंगतांची तैलचित्रे, आणि ती फोटोवरूनच करावी लागत.

नागपुरात समोर बसवून की फोटोवरून या प्रश्नाला धार आली १९५६ नंतर. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, १ नोव्हेंबरला शहराचा राजधानीचा दर्जा गेला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुढे विहारांत, वस्त्यांत, घराघरांत त्यांचे चित्र लागले. हाताशी होते ते बहुतेक कृष्णधवल फोटो. कातडीचा रंग, कोटाची निळाई, चष्म्यामागच्या डोळ्यांतली ओल, हे सगळे चित्रकाराने स्वतःच्या अभ्यासातून भरायचे. या कामाला 'फोटोकॉपी' म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही ज्याने जिवंत माणूस समोर बसवून रंगवलेला नाही, त्याचे फोटोवरचे काम लगेच ओळखू येते. फोटोत हनुवटीखालची सावली काळी मिट्ट होते. प्रत्यक्षात पांढऱ्या सदऱ्यावरून उजेड वर फिरतो आणि तिथे बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा ओकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळावा इतकी ऊब दिसते. कानशिलाजवळ तोच रंग निळसर, थंड होतो. हे कळायला डोळे किलकिले करून, चार पावले मागे जाऊन तासन्‌तास पाहावे लागते. त्यासाठी उत्तरेची खिडकी हवी, कारण तिथे ऊन सहसा थेट येत नाही आणि उजेड बराच वेळ सारखा राहतो. नागपूरच्या मे महिन्यात तर सिटिंग, म्हणजे मॉडेलला समोर बसवून रंगवणे, सकाळीच उरकावे लागते. पारा ४५ अंशांवर गेला की मॉडेलचा चेहराही तसा राहत नाही, घामाने चकाकी येते आणि हायलाइट, म्हणजे उजेडाचे सर्वांत चमकते ठिपके, सरकतात.

आता मोबाइलमुळे चित्रकार स्वतःच्या पसंतीच्या उजेडात फोटो काढतो, आणि तो वापरायला माझी हरकत नाही. सध्याचा खरा वाद प्रोजेक्टरने थेट कॅनव्हासवर बाह्यरेषा उतरवून घेण्याचा आहे. त्याने साम्य साधते, पण कवटीची घडण हाताला कळत नाही. म्हणूनच लोकांसमोर दोन-तीन तासांत रंगवलेल्या पोर्ट्रेट डेमोला तरुण विद्यार्थी आजही गर्दी करतात. तिथे पहिल्या अर्ध्या तासातच कोणाचे ड्रॉइंग पक्के आहे ते उघड होते.