संत्रं-बदाम सँडविच कुकीज घरी करताना

आमच्याकडून बदामाची पूड नेणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: कुकीच्या पिठात संत्र्याचा रस घातला तर चव जास्त उतरेल ना? नाही उतरणार. रसामुळे आंबटपणा येतो आणि पाणी वाढतं. संत्र्याचा खरा वास सालीच्या रंगीत थरातल्या बारीक तेलग्रंथींत असतो. साल दुमडून दाबली की जो फवारा उडतो तो त्या तेलाचाच. हे तेल पाण्यात मिसळत नाही, बटरमध्ये मात्र छान मिसळतं. शिवाय मैद्याला पाणी मिळालं की ग्लुटेन तयार होतं आणि कुकी खुसखुशीत न होता चिवट होते. म्हणून पिठात फक्त साल घाला. रस लागलाच तर क्रीममध्ये, तोही चमचाभर.

फळ कोमट पाण्याने चोळून धुवा आणि पूर्ण कोरडं करा, कारण बाजारातल्या फळांवर बरेचदा मेणाचा थर असतो. बारीक किसणीवर एका जागी एकदाच किसा. खालचा पांढरा भाग दिसू लागला की फळ फिरवा, तो कडू असतो. कीस थेट साखरेवर पडू द्या आणि बोटांनी दोन मिनिटं चोळा. साखर किंचित ओलसर आणि फिकट केशरी झाली, हाताला वास राहिला, म्हणजे तेल सुटलं. ही पायरी अनेक जण वगळतात. आमच्या मते सगळ्या कृतीत जास्तीत जास्त फरक हिच्यामुळेच पडतो. संत्र्याऐवजी लिंबू चालेल, पण त्याची साल पातळ असते, हात हलका ठेवा.

प्रमाण असं: बिनमिठाचं बटर 100 ग्रॅम, पिठीसाखर 50 ग्रॅम, मैदा 120 ग्रॅम, बदामाची पूड 50 ग्रॅम, एका संत्र्याच्या सालीचा कीस, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर किंवा सोडा नको. कुकी फुगली तर वरचा भाग सपाट राहत नाही आणि जोडी नीट बसत नाही. कप-चमच्यांपेक्षा वजनकाटा वापरा, कारण पूड दाबून भरली की सैल, यावर कपातलं वजन बरंच बदलतं.

पूड घरीच करणार असाल तर बदाम 160 अंशांवर 8 ते 10 मिनिटं भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरला लावले तर तेल सुटून लगदा होतो. मापातलाच दोन चमचे मैदा बदामांबरोबर घालून थांबत थांबत फिरवा. मैदा सुटलेलं तेल शोषून घेतो. बदामांऐवजी हेझलनट घेतले तर भाजल्यावर ते जाड कापडात घासून सालं काढा, थोडी राहिली तरी बिघडत नाही. अक्रोडाच्या सालीत तुरटपणा असतो, त्यामुळे लिंबाबरोबर अक्रोड आम्ही तरी सुचवत नाही. संत्र्याबरोबर तो जुळतो.

मऊ बटर आणि चोळलेली साखर एकजीव करा, जास्त फेटू नका. मग बाकीचं घालून गोळा होईपर्यंतच मिसळा. दोन बटर पेपरांच्या मध्ये 4 मिलिमीटर जाडीची पोळी लाटा आणि पोळीच फ्रिजमध्ये तासभर ठेवा. गोळा गार करून मग लाटायला गेलात तर कडा फाटतात. 5 सेंटिमीटरच्या कटरने कापल्या की साधारण 16 जोड्या होतात. 165 अंशांवर 11 ते 13 मिनिटं भाजा. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान 15 अंशांनी कमी करा. कडा सोनेरी आणि मध्यभाग फिकट दिसेल तेव्हा ट्रे बाहेर काढा. कुकी त्या वेळी मऊ लागते, गार होताना कडक होते. तेवढ्यात उचलायला गेलात तर मोडेल.

क्रीमसाठी 50 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, थोडी साल आणि चमचाभर लिंबाचा रस फेटा. कुकीज पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर बटर वितळून क्रीम बाजूने वाहतं. मार्मलेड, म्हणजे संत्र्याचा सालीसकट केलेला जॅम, भरायचं असेल तर दोन्ही कुकीजच्या आतल्या बाजूला आधी वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात फिरवा आणि तो थर घट्ट होऊ द्या. त्यामुळे मार्मलेडचा ओलावा कुकीत उतरायला वेळ लागतो. भरलेली जोडी पहिल्या दिवशी कडक आणि दुसऱ्या दिवशी किंचित मऊ असते. काहींना दुसऱ्या दिवसाचीच आवडते. न भरलेल्या कुकीज हवाबंद डब्यात आठवडाभर चांगल्या राहतात, म्हणून लागतील तशा भरा.

कुकीज दुसऱ्यांना देताना त्यात कोणते दाणे आहेत हे डब्यावर लिहा. दाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी थोडीशी पूडही धोक्याची ठरू शकते.

पूड उघडल्यावर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. डबा बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पुडीवर बाष्प धरतं. वापरण्याआधी चिमूटभर चाखून पाहा. खवट लागली तर टाकून द्या. तो खवटपणा संत्र्याच्या वासाखाली झाकला जात नाही.