फायलींची नावं बदलायचीयत? मग यादीतच खाडाखोड करा

बहिणीच्या लग्नाचे ३४० फोटो, सगळ्यांची नावं 'आयएमजी' आणि पुढे कसलातरी आकडा. राइट क्लिक, रिनेम, एंटर, परत राइट क्लिक... दहाव्या फोटोला मी हात टेकले. मग एका मित्राने ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये तोच फोल्डर उघडला, कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबलं आणि समोरची यादी चक्क साधा मजकूर झाली, म्हणजे हवी तशी खाडाखोड करा, फाइंड-रिप्लेस मारा, आणि शेवटी कंट्रोल-सी दोनदा. तोपर्यंत डिस्कवर काहीच हलत नाही, मन बदललं तर सोडून द्यायचं. ह्या सोयीचं नाव डब्ल्यूडायरेड.

एवढं पटकन कसं होतं? तर लिनक्समध्ये फोल्डर म्हणजे मुळात यादीच असते, एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला आयनोड नंबर. साइज किती, मालक कोण, डेटा डिस्कवर कुठे पडलाय हे सगळं आयनोडकडे, म्हणजे त्या फाइलच्या माहितीच्या नोंदीकडे, नाव तिथे नसतंच! म्हणून ४ जीबीचा व्हिडिओ असो की ४ केबीची चिठ्ठी, नाव बदलायला सारखाच वेळ. (दुसऱ्या डिस्कवर हलवलं तर मात्र सगळा डेटा कॉपी होतो, तिथे ही जादू नाही.)

खरी गंमत पुढे आहे. नाव पूर्ण बदललं तर ही ओळ आधी कुठली फाइल होती हे एडिटरला कसं कळणार? डब्ल्यूडायरेड जुनं नाव मजकुरालाच न दिसेल असं चिकटवून ठेवतो. हेच काम करणारं व्हीआयडिर नावाचं छोटं टूल सरळ प्रत्येक ओळीआधी नंबर टाकतं, मला हेच जास्त आवडतं, कारण ओळी वरखाली झाल्या तरी गोंधळ नाही.

आणि 'अ' ला 'ब' करायचं, 'ब' ला 'अ', तर? आधी 'अ' चं 'ब' केलं की मूळ 'ब' गेलाच, सिस्टिम न विचारता वरून लिहिते. दूध-ताकाची भांडी अदलाबदल करायला तिसरं भांडं लागतं ना, तसं मध्ये एक तात्पुरतं नाव घ्यावं लागतं आणि ही टूल्स ते स्वतःच घेतात.

फक्त एक, व्हीआयडिरमध्ये ओळ पुसून सेव्ह केलं की फाइल डिलीट, आणि ती कचरापेटीत पण जात नाही.